सूचनावही

ग्रंथपाल खासगीवाल्यांनी वही पुढे सरकवली,
तिच्यावर पोह्यांची बशी ठेवली, जीरावन जरा जास्तच.
"आधी खा," म्हणाले, "मग वाच."
त्यावरूनच कळायला हवं होतं.

रामबागेतलं हे वाचनालय. त्याची वेबसाइट
मी तीन महिने खपून नवी केली :
फिरणारी पणती काढली, धावती पट्टी काढली,
पिवळ्यावरचं लाल, लालावरचं निळं, सगळं पुसलं
आणि जिकडे तिकडे मोकळी जागा ठेवली
पहाटेच्या राजवाडा चौकासारखी.

वहीत त्रेचाळीस सूचना.
'अक्षरे राखाडी का? शाई संपली होती काय?'
'पणती कोणी विझवली?'
'पुस्तक शोधायचे बटण सापडेना. आधी बटण शोधावे लागते.'
'छान आहे. पूर्वीची कधी परत येणार?'
एकाने नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं,
मागच्या पानावर उमटेल इतकं पेन दाबून.

रात्री उत्तर लिहायला बसले.
पहिल्या मसुद्यात 'वापरकर्ता' हा शब्द सात वेळा आला.
दुसऱ्यात पुण्याच्या एका कंपनीचं उदाहरण दिलं.
तिसऱ्यात मी त्यांची वयं काढली.
तिन्ही फाडावेसे वाटले, पण कागदच नव्हते ते,
खोडायला एक बोट पुरलं.
एवढ्याने राग कुठे जातो.

एकोणतिसावी सूचना मी नीट वाचलीच नव्हती.
कुमुदिनी मुंगी, सभासद क्रमांक दोनशे सहा.
टाकाने लिहावं तसं अक्षर :
'हा ल आपला नाही.'
खाली फक्त सही.

स्क्रीनवर पाहिलं.
लेखक, लघुकथा, लहान मुलांची पुस्तकं,
प्रत्येक ल दांड्याला टेकून उभा,
बस चुकलेल्या माणसासारखा.
आपला कसा असतो मग?
बोटाने हवेत काढून बघावा लागला :
एका देठाला लागलेल्या दोन कैऱ्या.

मी इंदूरची. शाळा हिंदीत, भांडणं हिंदीत,
रिक्षावाल्याशी घासाघीस हिंदीत,
आईशी मराठी, तेही आता फोनवर,
लिहायची वेळ येते ती किराण्याच्या यादीपुरती.
आई यादीत लसूण लिहायची.
होत्या त्यात कैऱ्या.

दुसऱ्या दिवशी मुंगीबाईंकडे गेले.
"तू ती पणतीवाली?"
"पणती काढणारी."
"तेच ते."
चष्मा सापडेपर्यंत मला उभं ठेवलं,
मग दुधाच्या बिलाच्या पाठीवर
सावकाश एक ल काढला, त्याच्या शेजारी श.
मी विचारलं नाही, एवढं काय त्यात.
त्यांनीही सांगितलं नाही.
एवढंच म्हणाल्या, "चौतीस वर्षं पोरींचे कान पिळले याच्यापायी.
यंत्राचा कान कुठे असतो गं?"

उत्तर शेवटी वहीतच गेलं, पेनाने :
अक्षरे काळी केली.
बटण पूर्वीच्या जागी, डावीकडे.
मोकळी जागा थोडी राहील, ती मला हवी आहे.
पणती येणार नाही.
ल बदलला. चूक माझी, मला दिसलीच नव्हती.

प्रश्नचिन्हवाल्याला काय लिहावं ते सुचेना.
त्याच्याखाली माझा फोन नंबर देऊन ठेवला.
अजून कोणाचा आला नाही.

गुरुवारी खासगीवाल्यांचा आला.
"मुंगीबाई येऊन गेल्या. चव्वेचाळिसावी सूचना आहे."
मी खुर्चीत सावरून बसले. काय म्हणतात?
"म्हणतात, श राहिला."