राजापुरी पिवळा

शीतल चौगुले मार्केट यार्डातून थेट कुपवाडला आले,
बाहीवर सौद्याची धूळ तशीच,
आणि मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले,
"हा. हाच पिवळा पाहिजे पाकिटावर.
काल रात्री तुम्हीच धाडला की."

धाडला होता, खरं आहे.
साडेअकरा वाजलेले, ट्यूब बंद,
मी एकटी स्क्रीनपुढे,
आणि अंधारात तो पिवळा असा पेटलेला
की पाकिटात कुणी निरांजन ठेवून विसरलंय.

त्यांना कसं सांगू
की तिथे पिवळा नव्हताच.
काचेमागे तीनच दिवे असतात,
तांबडा, हिरवा, निळा,
इतके बारीक की मोहरी डोंगर वाटावी.
तांबडा नि हिरवा शेजारी शेजारी पेटतात,
निळा डोळे मिटून बसतो,
आणि पिवळा होतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात.
तुमच्या डोळ्यात, चौगुले.
उधारीवर.

दस्तगीरचाचांकडे उधारी नाही.
ते डबा उघडतात, आत खराखुरा पिवळा,
काकवीसारखा घट्ट, पट्टीनं खरवडून घ्यायचा.
शेजारी मॅजेंटा, सायन,
आणि काळा वेगळा.
कारण तिन्ही एकत्र आले की काळा व्हायला हवा
पण होतो गाळ,
कृष्णेचं पाणी उतरल्यावर मशीनच्या पायाशी बसला होता तसा.
प्रेस तेव्हा मारुती चौकात होती.
चाचा त्यावर जास्त बोलत नाहीत.

पडद्यावर रंगात रंग घाला, उजेड वाढतो,
सगळे घातले की पांढरं.
कागदावर घाला, उजेड आटतो.
आणि पांढऱ्याचा डबा आमच्याकडे नसतोच,
जिथे काही छापलं नाही तिथे तो असतो.
एवढं कळायला मला दोन वर्षं लागली
आणि चारशे लग्नपत्रिका.
मोरपंखी मागितला होता,
निघाला वांग्याच्या देठाचा.

पहिलं प्रूफ आलं.
चौगुल्यांनी प्रूफ बघितलं, मोबाईल बघितला, परत प्रूफ.
"विझलं की हो,"
म्हणाले, अगदी हळू,
घरात कुणी आजारी असल्यासारखं.

चाचांनी भिंग दिलं त्यांच्या हातात.
पाकीट गेलं, अक्षरं गेली,
नुसते ठिपके उरले, पेरल्यासारखे,
आणि पिवळ्यांच्या दाटीत मॅजेंटाचा एखादा,
पंगतीत परगावचा पाहुणा बसावा तसा अंग चोरून.
"हा लाल कशापायी?"
"तो काढला तर लिंबू होईल, सावकार. हळद नाही."

मग चौगुल्यांनी खिशातून पुडी काढली,
सकाळच्या सौद्यातली राजापुरी,
चिमूटभर प्रूफवर ठेवली.
मोबाईल शेजारी धरला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर टेम्पो मागे घेत होता कुणीतरी.
त्यांनीच आधी मोबाईल उलटा घातला टेबलावर.
"हे आपलं उगं चकाकतंय."

मॅजेंटा पंधराचा अठरा केला.
दुसऱ्या प्रूफवर त्यांनी सही केली,
सही करताना अंगठा टेकला,
आणि हात धुवायला मोरीपाशी गेले,
कपड्यांची वडी होती तिथे, तीच घेतली.
बोटांवरची हळद लालभडक झाली.
चाचा हसले, इतके की टोपी सावरावी लागली,
"पोरी, आता हा कुठल्या टक्क्यात बसवतेस?"

पाकिटं गेली. पुढचा हंगाम आला.
ते प्रूफ मी खिडकीशी टाचलंय,
दुपारचं ऊन तिथवर येतं.
छापलेला पिवळा आहे तसा आहे.
अंगठ्याचा मात्र उडत चाललाय,
आता तिरकं धरलं तरच दिसतो,
रेषा मोजता येतात अजून.