निशाणी ९/२

माझा स्टिकर आता विजयनगरला कागदावर टाचलाय.
हिरवा, गोल, पत्र्यावरून ब्लेडनं खरवडलेला,
कडेला शेणाचा वाळका डाग.
वर छापलंय ‘तपासले’. खाली पेनानं: त. मुजावर.
ग्राहक आयोगात त्याचं नाव निशाणी ९/२.

"ही सही तुमची?"
"माझीच."

कुपवाडच्या शेडमध्ये दिवसाला चाळीस कडबाकुट्ट्या
माझ्या पुढ्यातून जायच्या.
मेगर लावायचा, हँडल फिरवायचं,
काटा शेवटाला गेला की सही.
एक मिनिट. कधी पाऊण.
बिसूरला सुरेखा मगदूमच्या गोठ्यात
तीच मशीन चार महिने थरथरली,
सकाळ-संध्याकाळ, पाच म्हशींच्या वैरणीला.
थरथर मोजायचं काही माझ्याकडं नव्हतं.

मोटारीच्या पत्र्यातून जिथं वायर आत जाते
त्या भोकात एक रबरी रिंग असते.
असायची.
दिवाळीनंतर ती स्टोअरमधून येईनाशी झाली.
विचारलं, तर आवटी साहेब म्हणाले,
"ड्रॉइंगमधनंच काढलीय, मॅडम. पुण्याहून."
एका मशीनमागं दोन रुपये साठ पैसे.
मी पुढची मशीन ओढली.
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीच म्हणाले, लिहून घ्या.

पत्र्याची धार वायरला रोज थोडी थोडी चाटत गेली.
गेल्या वर्षी सोळा जूनला सुरेखा चिकटली.
तिला ओढायला जाऊ धावली, सुनंदा,
हातातली दुधाची किटली न सोडता.
पंचनाम्यात किटलीही आहे. रिकामी, असं लिहिलंय.

कंपनीचे वकील कोल्हापूरचे, फार सभ्य.
म्हणाले, अर्थिंग नव्हतं.
म्हणाले, पुस्तिकेत पान सहावर स्पष्ट छापलंय,
मशीन कोरड्या जागी वापरावी.
मागच्या बाकावरून बाबासो मगदूम उठला,
त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.
"गोठा कोरडा असतोय व्हय, साहेब?
म्हशी मुतायला कुठं जात्यात?"
कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

मी कंपनीकडं बघायचं ठरवलं.
खुर्चीवर एक फाईल होती,
शेजारी अधिकारपत्र घेऊन आलेला पोरगा, जेमतेम पंचविशीचा.
तो कामाला लागला तेव्हा दोघींचं वर्षश्राद्धही होऊन गेलेलं.
सही करायला कंपनीला हात असतो.
चिकटायला नसतो.

दुकानदार सांगतो, मी खोकं फोडलंच नाही.
ड्रॉइंगवाले सांगतात, नमुना पास झाला होता.
सगळ्यांचं खरं आहे. माझंही.
मी तपासली तेव्हा मशीन ठीक होती.
एवढं खरं उशाला घेऊन झोप लागते का,
ते कुठल्या निशाणीत नाही.

पुढची तारीख अठरा सप्टेंबर.
तोवर त्या लॉटमधल्या सहाशे अकरा
कुठं कुठं थरथरतायत.
नंबर माझ्या वहीत आहेत,
राजीनाम्याच्या आदल्या दिवशी उतरवलेले.
मिरजेत मार्केटच्या मागं रबरी रिंगा शेकड्यानं मिळतात.
रविवारी मी नांद्रेच्या एसटीत बसते,
पिशवीत रिंगा, पेचकस, टेस्टर, डबा.
आत्तापर्यंत त्रेचाळीस झाल्या.
दोन ठिकाणी हाकलून दिलं,
एका ठिकाणी चहा, आणि वर पावशेर लोणी.

परवा कवठेपिरानला
एका म्हातारीनं घमेलं खाली ठेवलं, मला न्याहाळलं,
"कंपनीनं धाडलंय का तुला?"
मशीन चालू होती.
नातू तिच्या पत्र्याला टेकून, अनवाणी, चिक्की खात उभा.
मी म्हटलं,
"आजी, आधी खटका बंद करा."