पाच थेंब

येर्का थेंब मोजते, मोठ्याने.
एक. दोन. तीन.
चौथ्यानंतर थांबते, बाटली उजेडाकडे धरते,
निळ्या काचेतून खिडकीबाहेरचा समुद्र बघते,
मग पाचवा. मग बूच.

मी असते तर सहावा टाकला असता.
मला वासाची हाव आहे.
तिला वासच येत नाही, मागच्या हिवाळ्यातल्या तापापासून.
कॉफी म्हणजे गरम पाणी, म्हणते,
आणि मासे म्हणजे नुसते काटे.

बाहेर बोरा सुटलाय. तीन दिवस फेरी नाही.
ह्वारच्या धक्क्याला होड्या एकमेकींना ढुशा देत उभ्या.
असल्याच दिवसांत आम्ही पुरचुंड्या बांधतो,
जुलैत येणाऱ्या पाहुण्यांसाठी,
ज्यांच्या घरी, म्हणे, कसर लागण्याइतके लोकरी कपडे असतात.

दोन मुठी लव्हेंडर, अर्धी मूठ सेज,
रोझमेरी चिमटीभर, संत्र्याची वाळकी साल चुरून,
आणि आयरिसच्या मुळाची पूड. तिच्यावाचून वास टिकत नाही,
सासूबाई म्हणायच्या, जेवण झालं की उठतो, जावयासारखा.
तेल कधी थेट कापडावर नाही, डाग पडतो.
आधी जाड्या मिठाच्या खड्यांवर,
मग झाकण, मग रात्रभर अंधारात.

कापड तिच्या पडद्यांचं आहे.
अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो, नणंद-भावजय,
बांधावरच्या तीन ऑलिव्हच्या झाडांपायी.
माझा कुझ्मा गेला तेव्हाही ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली.
नोव्हेंबरात दार वाजलं.
हातात घडी घातलेले पडदे, निम्मे कापलेले.
"तुझ्याकडे तेल आहे, दिंका. माझ्याकडे हे."
एवढंच. आत आली, बूट न काढता.

तिला काही येणार नाही असं मला वाटलं होतं.
पण ती फुलं कानाशी नेते,
बोटांनी चुरते, ऐकते.
"हा ढीग ओला आहे. अजून बोलत नाही."
मी हुंगून पाहिलं, छान होता.
मी हट्टाने भरल्या त्यातल्या सात पुरचुंड्या.
चौथ्या दिवशी सातही बुरसल्या.
ती काही बोलली नाही. त्यासाठी तरी
मी तिला रात्रीचं जेवायला थांबवलं.

काल विचारते कशी, दोरा तोडता तोडता:
"कसा येतो गं वास? या खेपेचा?"
चांगला, मी म्हटलं.
ती वाट बघत राहिली.
जांभळा, म्हटलं.
"तो रंग झाला."
उन्हात वाळलेल्या चादरीसारखा, म्हटलं,
घशाशी जरा थंड, कापरासारखा,
आणि त्याच्या मागे, म्हणजे अगदी मागे...
तिथे माझं घोडं अडलं.
आयुष्यभर नाकाने जगले आणि सांगायला शब्द नाही.

मग एकदम आठवलं.
तो वणवा, आपण दोघी पोरी होतो, डोंगर पेटला होता,
वरच्या वाफ्यांपासून खाली रस्त्यापर्यंत सगळं लव्हेंडर,
आपण विहिरीवरून बादल्या ओढत होतो
आणि गडीमाणसं रडत होती,
पण वास, येर्का,
अख्ख्या बेटाचं कपाट कोणी उघडल्यासारखा वास.
आपल्याला तो आवडला होता.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने सुई टोचून ठेवली.
बराच वेळ बोरा तेवढा खिडकी हलवत होता.
"तसा येतो?"
तसाच. जरा कमी.
"मग पाच पुरेत," ती म्हणाली,
आणि बाटली माझ्यापासून लांब सरकवली.

आज एक्केचाळीस झाल्या. फीत संपली,
शेवटच्या तिघी सुतळीने बांधल्या, वाईट दिसतात.
ऑलिव्हच्या झाडांविषयी आम्ही अजून बोललेलो नाही.
फेरीही आलेली नाही.