कंसातली ओळ

शरणपूरच्या घरातून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत
बाप्तिस्म्याच्या दाखल्याखाली सापडली ती पुस्तिका.
दोन टाचण्या, दोन्ही गंजलेल्या,
मुखपृष्ठावरच्या बर्फाला आता चहाचा रंग.

तेवीस डिसेंबर. पारा सहावर.
निफाडकडे द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटवतायत म्हणे,
घडांना थंडी बाधू नये म्हणून.
जेमिमा दोन गोधड्यांच्या मधोमध, फक्त नाक बाहेर.
"नुसतं वाचू नकोस," ती म्हणाली, "आवाज काढ."

तर योना नावाचा एक मुलगा.
नाताळच्या आदल्या संध्याकाळी
हरवलेली शेळी शोधायला डोंगरावर गेला
आणि बर्फ सुरू झाला.
(मी सात वर्षांचा होतो तेव्हा बर्फ म्हणजे
गंगेवरच्या गोळेवाल्याच्या रंध्याखालून पडायचा तो.
एवढा गोळा खाणार कोण, याचीच मला काळजी.)
कंदील विझला. पायवाट बुजली.
मग घंटा.
खाली गावातल्या चर्चची,
रात्रभर, न थांबता.
योना त्या आवाजाचं बोट धरून उतरत आला,
खांद्यावर शेळी.

घंटा वाजवणारा म्हातारा तर तापानं फणफणलेला.
मग वाजवली कोणी?
"देवदूतानं!" मी आईच्या आधीच ओरडायचो
आणि आई पान उलटायची.

पस्तीस वर्षांनी मी ते पान उलटलं नाही.
तळाशी एक ओळ आहे.
तिच्याभोवती पेन्सिलीचा कंस, पुसट,
आईच्या हातचा. तिचे कंस नेहमी पोट सुटल्यासारखे,
वाण्याच्या हिशेबातसुद्धा.
ओळ अशी :
सकाळी आईनं भाकर वाढली तेव्हा
तिच्या दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली होती.

ही ओळ मी कधी ऐकलीच नव्हती.

"थांबलास का, बाबा?"

गोष्ट वाचताना आईच्या बोटांवर
करंज्यांच्या तळणीचे चटके असायचे,
सिव्हिलमधल्या स्पिरिटचा वास असायचा.
वडील गेल्यानंतरच्या त्या तीन नाताळांतही
आमची चांदणी गल्लीत सगळ्यांत उंच.
बांबू वाकवून, पतंगाचा कागद चिकटवून,
कधी, किती वाजता, कोण जाणे.
मला वाटायचं, चांदण्या आपोआप लागतात.
तिनं तसं वाटू दिलं.

मी वाचलं : घंटा वाजत राहिली. उजाडलं. संपली गोष्ट.
कंसाला धक्का न लावता.

गोधडीतून एक हात बाहेर आला.
"कोणी वाजवली?"
"देवदूतानं असेल."
"हॅ," जेमिमा म्हणाली, "देवदूत वरून येतात.
घंटा वरच असते.
मग त्यांना खालून दोर कशाला ओढावा लागेल?"

यावर मला काही सुचेना.
माझं सुचेपर्यंत ती झोपलीही.

गॅलरीत यंदाची चांदणी, प्लास्टिकची,
बटण दाबलं की सात रंग,
वाऱ्यानं खिळ्यावरून निसटून लोंबत होती.
स्टुलावर चढलो. सुतळी ओढली, पुन्हा ओढली,
गरजेपेक्षा जरा जास्तच.
आत येऊन दिव्याखाली हात धरला :
तळव्यावर एक बारीक लाल रेघ,
सकाळपर्यंत जाईल अशी.