गव्हाणीतली म्हैस

लक्ष्मीपुरीत पांढऱ्या लड्या संपल्या होत्या.
'डिसेंबर लागला की तुमची माणसं पांढराच उचलतात,
काळा न्या की बाई, काळा पडून आहे,'
दुकानदार म्हणाला.
मी सहा लड्या काळ्या घेऊन आले.
का, ते रिक्षात बसल्यावरही सांगता आलं नसतं.

यंदा प्रभुभोजनाच्या मेजाचं कापड माझ्याकडे.
कार्बन ठेवून नक्षी उतरवली :
मरीया, योसेफ, गवत, बाळ, दोन मेंढरं
आणि एक गाढव, ज्याची पाठ मला जमेना.
तीनदा भरलं, तीनदा उसवलं.
तिथलं कापड आता जरा विरळ दिसतंय.

दिवस तसे नेहमीचेच.
पहाटे साडेचारला नळ येतो.
बॅरल भरेतो उलट्या टिपेनं
गवताच्या अकरा काड्या होतात.
डाळीच्या तीन शिट्ट्यांत बाळाचा एक कान.
दुपारी पतपेढीत, काउंटरच्या खणात,
पासबुकांखाली रिंग सरकवलेली असते.
साहेबांना माहीत आहे.
त्यांनी एवढंच विचारलं,
'तांबडा धुतल्यावर फुटतो का हो?'

संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या जातात, जोडीनं,
टेप फुल्ल लावून.
काच थरथरते, मी सुई हवेतच धरून थांबते.
ट्रॉलीमागं पोरं पळतात, एखादा ऊस ओढतात,
आणि मग बराच वेळ गल्लीत
नुसतं चघळणं ऐकू येतं.

शमुवेल रात्रपाळीला निघण्याआधी
चष्मा कपाळावर चढवून वीस सुया ओवतात
आणि उशीला टोचून ठेवतात, रंगवार.
बोलत काही नाहीत.
डबा मात्र विसरतात.

परवा गंगावेशीत दूध आणायला गेले.
थंडी मरणाची. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी,
नाकपुड्यांतून वाफ,
खाली चरवीत धारांचा आवाज,
आणि ती मात्र बघतेय माझ्याकडं,
कुणाच्या घरी काय चाललंय
ते सगळं ठाऊक असल्यासारखी.
मी लाइट बिलाच्या पाठीवर तिची पाठ काढली.
एका रेघेत जमली.

मग काय, गाढव गेलं.
सहा लड्यांतल्या साडेपाच लागल्या.
भरीव टाका, अगदी जवळजवळ,
इतका की हात फिरवला तर कातडं लागावं.
शेजारच्या शमशाद भाभींनी जुन्या ओढणीची जर उसवून दिली,
'शिंगांना लाव,' म्हणाल्या,
'पाहुणा घरात आल्यावर जनावर साधं कशाला ठेवायचं?'
डोळ्यात एक गाठीचा टाका.
तो घातला आणि कापडावर कुणीतरी आलं.

रात्री दीडला गायनमंडळी दारात,
गिटार, डफ, मफलर,
बारक्या योनाचा आवाज यंदा फुटलाय,
वरच्या सुरात गेला की कोंबडा होतो.
त्यांनी चहा घेतला, करंज्या मागितल्या,
करंज्या अजून झाल्या नव्हत्या.
मग चिवड्यावर भागवलं
आणि सगळे म्हशीभोवती जमले.
कुणी हसलं नाही म्हणजे, हसले, पण चांगलं हसले.

काल पाळक आले, समुद्रे साहेब.
कापड उजेडात धरलं.
'बेथलेहेमात म्हशी होत्या?'
'मी कुठं गेलेय तिथं,' मी म्हटलं,
'पण बाळंतीण होती, म्हणजे
कुणीतरी तांब्याभर दूध दिलंच असेल की.'
ते गप्प. बोटानं शिंगाची जर चाचपली.
मूळचे वडणग्याचे, घरात चार म्हशी होत्या लहानपणी.
जाताना चप्पल घालता घालता म्हणाले,
'सगळं बरोबर आहे,
पण गळ्यात कवड्यांची माळ नाही तिच्या.'

चार दिवस राहिलेत.
सारण व्हायचंय, चांदणीची वायर बघायचीय,
पतपेढीत महिनाअखेर.
उशीवर ओवलेल्या सात सुया, सगळ्या काळ्या.
कवड्या म्हणजे पांढरा आला.
डावीकडच्या मेंढराची शेपटी
जरा जास्तच लांब झालीय नाहीतरी.
बघते.