इतर

चहाच्या पुडीएवढं पाकीट.
लेम्मा म्हणाला, यात जिवाणू आहेत, जिवंत.
उन्हात ठेवू नका. पांढऱ्या खतात कालवू नका.
आम्ही बारा जणी आणि चार पुरुष
सोसायटीच्या पत्र्याखाली बसलेलो,
समोर चिलालोचा डोंगर, डोक्यावर ढग घेऊन.
गेमेचू हसला :
"जिवंत विकत घ्यायचं आणि पुरायचं?
आमच्याकडे मेल्यावर पुरतात."

पांढऱ्या खताला आवाज असतो.
बादलीत ओतलं की गारा पडल्यासारखा.
तो ऐकला की पैसे कुठे गेले ते कळतं.
हे मात्र काळं, मुकं,
बोटाला लागलं तर चुलीची काजळी वाटावी.
दृष्टीआड सृष्टी, खरं आहे,
पण दृष्टीआडच्या सृष्टीसाठी
बिर्र कोण मोजून देतं?

मी दिले.
पुढे शहरातून एक मुलगी आली कागद घेऊन.
का वापरलंत? पाच रकाने :
उत्पन्न, खर्च, माहिती, शेजारी, इतर.
मी म्हटलं, इतर.
लेम्माची आई माझ्या पहिल्या बाळंतपणात
रात्रभर माझी कंबर दाबत बसली होती.
एवढं त्या चौकटीत मावेना.
मुलीने नुसती खूण केली.

बाकेलाचं बी, अंगठ्याच्या नखाएवढं.
साखरेचं पाणी शिंपडलं, भुकटी चोळली,
घराच्या मागच्या सावलीत सूप हलवत राहिले.
बोंतू म्हणाली, आई, बियांनी काजळ घातलंय.
त्या दुपारी कॉफीच्या पेल्यांवर
माझी पाचही बोटं उमटली.
एकच पट्टा पेरला. ओढ्याकडचा.
चुकलंच तर रस्त्यावरून दिसणार नाही.

गेमेचूचं पाकीट तीन दिवस
खिडकीत तापत होतं.
मेलेली भुकटी त्याने पेरली
आणि सगळ्या बाजाराला सांगितलं, फसवतात हे लोक.
तो खोटं बोलत नव्हता.
त्याच्या शेतात खरंच काही झालं नाही.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी
मी एक रोप मातीसकट उकरलं.
मुळांना गाठीच गाठी,
मोहरीएवढ्या, काही मसुरीएवढ्या.
टोलोसा म्हणाला, रोग आहे, उपटून जाळ सगळं.
मी एक गाठ नखाने फोडली.

आत गुलाबी.
बोंतूला दात यायच्या आधी
तिच्या हिरड्या होत्या तसं गुलाबी.

कोणाला हाक मारली नाही.
माती परत लोटली, जसं काही
झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण
चुकून ओढलं गेलं होतं.

शेजारच्या पट्ट्याहून दोन पोती जास्त.
टोलोसा म्हणतो पाऊस चांगला होता.
होताही.
पांढरं खत मी सोडलेलं नाही,
इतक्यात सोडणारही नाही.
गव्हाला तो गारांचा आवाज अजून लागतो.
कदाचित मलाच लागतो.

यंदा पाकिटं आली तेव्हा
पेरणी उरकून नऊ दिवस झाले होते.
लेम्माची मोटरसायकल चिखलात अडकली,
वरच्या कचेरीत कोणाची सही अडकली.
तरी मी एक घेतलं. टाकवेना.
फडक्यात गुंडाळून पाण्याच्या मडक्याला
टेकवून ठेवलंय, भिंतीकडच्या बाजूला.
वरच्या तारखेत अजून दोन महिने आहेत,
पेरणीला दहा.

रात्री उठते,
अंधारात हात लावून बघते.
गार आहे.

टोलोसा कूस बदलून विचारतो, काय गं?
काही नाही. झोप.