खुंटी क्रमांक चौदा

नकाशावर इथे काहीच नाही.
उलवे, रिकामा भूखंड,
आणि पुढे क्षेत्रफळ.

चुन्याची पिशवी खाली ठेवून
वैजनाथ हातोडा उचलतो
आणि तसाच थांबतो.
साहेब, इथं कुणीतरी राहतंय.

मला आधी खडीच दिसते.
मग खडीतले चार खडे,
टोकाला टोक लावून बसलेले,
मातकट, वर शाईचे शिंतोडे.
घरटं नाही, काडी नाही. नुसतं ऊन.
आणि वीस पावलांवर ती,
पिवळ्या पायांची माळटिटवी,
पंख मोडल्याचं सोंग घेऊन
आम्हाला भलतीकडे बोलावणारी.

गव्हाणच्या बारकूबाई घरत सांगतात,
इथे त्यांच्या बापाचं खाजण होतं.
डंपरमधून डोंगर आला, तुकड्यातुकड्याने.
भरावावर कुणी न पेरता
कुसळी उगवली,
कुसळीमागून चंडोल, लावे, ही.
टिटवीही समुद्र आटवते, म्हणतात.
हिने नाही आटवला.
आटलेल्यावर राहायला आली फक्त,
बिनभाड्याने.

आता तो माळही
दोन टॉवरांमधल्या फटीएवढा.
गेल्या चैत्रात वहीच्या मागच्या पानावर
मी अकरा जोड्या लिहिल्या होत्या.
मोजणं हाच धंदा, त्यामुळे खोड.
या चैत्रात दोन.
हे पान माझ्याकडे कुणी मागत नाही.

भर बाराला ती डबक्यावर जाते,
पोटाची पिसं भिजवते,
ओलेत्याने येऊन अंड्यांवर बसते.
वैजनाथ विचारतो, ठोकू?

मी दुर्बिणीत डोळा घालतो. आकडा अचूक आहे.
बावीस वर्षांत एक सेंटीमीटरही
कुणाच्या बापासाठी सरकवलेला नाही मी.
आमदाराच्या मेव्हण्यासाठीसुद्धा.

सहा मीटर पूर्वेला घे, मी म्हणतो.
तो माझ्याकडे बघतो. मग घेतो.
वहीत लिहितो: चौदा. अडथळा.
फेरमोजणी एक महिन्याने.
अक्षर जरा वाकडं येतं.

वैजनाथची आई म्हणायची,
टिटवी पाय वर करून निजते,
आभाळ कोसळलं तर झेलायला.
डोक्यावरून एक विमान
चाकं काढत खाली येतं,
गवत आडवं झाल्यासारखं वाटतं.
ती पाय वर करत नाही.
थोडी हलते,
एक अंडं चोचीने आत ओढते
आणि पुन्हा बसते.